तारखांची अंताक्षरी

ताई: आज वेगळी अंताक्षरी. ज्या गाण्यात नेमकी तारीख आहे तेच चालणार. सावन-बिवन बाद.

मोठे काका: घ्या! 'खुश है ज़माना आज पहली तारीख है'. १९५४, किशोरकुमार. रेडिओ सिलोनवाले दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता लावायचे.

दादा: काका, पण महिना कुठला?

मोठे काका: बाराही! पगार काय एकाच महिन्यात होतो?

ताई: अर्धा गुण.

वहिनी: मग 'एक दो तीन'लाही अर्धा द्या. चौदाला निरोप, पंधराला येतो म्हणाला, सोळाला ही बिचारी नटूनथटून बसली. अख्खा महिना सरला, स्वारीचा पत्ता नाही 😄

दादा: पक्की तारीख हवी तर इंग्रजी गाणी बघा. 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडचं 'सप्टेंबर', १९७८. २१ सप्टेंबरची रात्र. दरवर्षी त्या दिवशी लोक ते गाणं एकमेकांना पाठवतात.

ताई: काय घडलं होतं २१ला?

दादा: काही नाही! सहगीतकार ॲली विलिसने सांगून ठेवलंय, बऱ्याच तारखा गाऊन पाहिल्या, त्यात एकविसावी कानाला सगळ्यात बरी लागली.

वहिनी: म्हणजे मुहूर्त मीटरने काढला.

दादा: आणि खरी तारीख घ्यावी तर चूक होते. यू-टू बँडच्या 'प्राइड'मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची वेळ म्हणून ४ एप्रिलची पहाट आहे. प्रत्यक्षात त्यांना गोळी लागली संध्याकाळी सहाच्या सुमारास. नंतर बँडचा गायक बोनो कार्यक्रमांत 'संध्याकाळ' असं बदलून गायला लागला. सब्लाइम बँडचं तर विचारूच नका. गाण्याचं नाव '२९ एप्रिल १९९२', लॉस एंजेलिसची दंगल पेटली तो दिवस. आणि गाताना म्हणतो २६ एप्रिल!

आत्या: झालं का तुमचं? आता माझं. 'राम जन्मला ग सखी'. चैत्र, शुद्ध नवमी, वर दोन प्रहरची वेळसुद्धा. गदिमांनी काही शिल्लक ठेवलंय?

दादा: आत्या, ती तिथी झाली. तारीख नाही.

आत्या: का रे? महिना आहे, दिवस आहे, तास आहे. अजून काय आधार कार्ड देऊ?

दादा: तिथी घसरते गं. गीतरामायण आकाशवाणीवर रामनवमीला सुरू झालं आणि पुढच्या रामनवमीला संपलं. तारखा बघ, १ एप्रिल १९५५ आणि १९ एप्रिल १९५६. अठरा दिवसांचा फरक!

आत्या: मध्ये अधिक महिना आला होता, म्हणून. नवमी नवमीच राहिली ना? घसरली तुझी तारीख.

वहिनी: 👏👏

ताई: दादा?

ताई: दादा टायपिंग करतोय... थांबला... पूर्ण गुण आत्याला.

मोठे काका: एक मिनिट. गीतरामायणाला चाली कुणाच्या? सुधीर फडके. 'पहली तारीख'ला संगीत कुणाचं? तेही बाबूजींचंच. आणि गीतरामायण सुरू झालं कधी? एक तारखेला! माझा उरलेला अर्धा गुण टाका.