मदत हवी आहे: १८ फुटी बोटीला ४० ऐवजी ६० एचपी इंजिन बसवावं का?

तारकर्लीला आमची १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, दोन सिलिंडर. एकटा चालक असला की जीपीएसवर १७ नॉट्स मिळतात. सहा माणसं बसली की नाक वर करून पाणी ढकलत राहते, प्लेनवर येतच नाही, म्हणजे वेग घेऊन पाण्याच्या वर उचलून सरकत नाही.

प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, तळाचे शिंपले खरवडले. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे. १३ पिचचा (एका फेऱ्यात कागदावर १३ इंच पुढे जाणारा) पंखा काढून ११ चा लावला. फुल थ्रॉटलला आरपीएम ४३०० वरून ४७०० झाले, पण वेग तेवढाच. मॅन्युअलमध्ये ४५०० ते ५५०० दिलेत. पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळापेक्षा दीड इंच खाली आहे, त्यामुळे पाण्याचा विरोध वाढत असावा असं मला वाटतं.

इंजिन वर घ्यायला हात धजावत नाही, कारण ट्रान्सम, म्हणजे इंजिन बोल्टने बसतं ती बोटीची मागची भिंत. मुठीने ठोकलं तर डावीकडे टणक आवाज येतो, उजव्या बोल्टाजवळ बद्द. आत प्लायवूड आहे, पाणी मुरलं असणार. त्यात ६० चं फोर-स्ट्रोक ११० किलोच्या आसपास, म्हणजे आताच्यापेक्षा तीसेक किलो जास्त.

बोट सध्या किनाऱ्यावर ओढलेली आहे, सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. नोंदणी-सर्व्हेचं मी बघेन. ट्रान्सम आणि नवं इंजिन, दोन्ही खर्च यंदा झेपणार नाहीत.

ट्रान्सम दुरुस्त करून हेच इंजिन दीड इंच वर घेतलं, तर सहा माणसांसह बोट प्लेनवर येईल का, की ६० एचपीशिवाय ते शक्यच नाही?