लाव्हा किती लांब जातो? आपलं माळव्याचं पठारच बघा की
दादा, लाव्हा डोंगराच्या पायथ्याशीच थिजतो म्हणता, ते सगळीकडे खरं नाही हो. चिकट, घट्ट असेल तर थांबतो जवळच, पण बेसॉल्टचा, म्हणजे थिजून काळा कातळ होतो तो, लाव्हा पातळ, 1100-1200 अंशांचा, आणि खरी गंमत अशी की दुधावर साय धरते तशी त्यावर खपली येते, आत मात्र रस वाहतच राहतो, खपलीमुळे उष्णता कोंडून राहते ना, मग पुढे टोकाला फुटून नवा फाटा निघतो, असं करत करत कुठच्या कुठे. आंध्रात राजमुंद्रीला बेसॉल्टचे थर आहेत, ते सह्याद्रीकडून 1000 किलोमीटरच्या आसपास वाहत आले असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात! वेग बहुतेकदा माणसाच्या चालीपेक्षाही कमी, 1977 चा काँगोतला न्यिरागोंगो ज्वालामुखी अपवाद, तिथे अख्खं लाव्ह्याचं तळंच तासाभरात रिकामं झालं. आणि इंदूरची काळी माती म्हणजे तरी काय, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच भुगा. आमच्या गल्लीत बोअर मारला तेव्हा नुसता काळा दगड निघत होता. खात्री करायची तर रविवारी पोहे-जलेबी खाऊन देवास जिल्ह्यातल्या कावडिया पहाडावर जाऊन या, थिजताना तडकून झालेले खांब रचून ठेवल्यासारखे पडलेत तिथे.