सीमेवरच्या गावातले सण: तुमचा अनुभव सांगा

परदेशात गणपती-दिवाळी कशी केली यावर आपण भरपूर बोलतो. इथं उलटं सांगायचंय, तिथल्या लोकांच्या सणात तुम्ही कसे शिरलात, कुणी हाताला धरून नेलं, काय आवडलं, काय खटकलं. दोन-तीन देशांच्या हद्दीवर राहणाऱ्या कोल्हापूरकरांनी तर नक्की लिहा. आपल्याला हे परकं नाही, आपल्या जिल्ह्यात बैलांचा सण कर्नाटकी बेंदूर वेगळा न् महाराष्ट्र बेंदूर वेगळा, आणि निपाणीकडं सोयरिक असली की दोन्हीकडं जेवायला जायचं.

सुरुवात मी करते. माहेर शिवाजी पेठ, सध्या बाझेल. गाव स्वित्झर्लंडचं पण आठ नंबरची ट्राम जर्मनीत जाते आणि तीन नंबरची फ्रान्सात. इथला मोठा सण फास्नाख्ट, म्हणजे इथला कार्निव्हल, ॲश वेन्सडेनंतरच्या (ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवास सुरू होतो तो बुधवार) सोमवारी पहाटे ४ ला सुरू होतो आणि गुरुवारी पहाटे ४ ला संपतो म्हणजे संपतोच. २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलाय. खालच्या मजल्यावरच्या आजींनी बजावलं होतं की तीनला तयार राहा, म्हणून गेलो, थंडीनं बोटं दुखत होती, गल्लीत मुंगीला शिरायला जागा नाही, आणि चारचे ठोके पडले तशी अख्ख्या गावाची लाईट बंद. काळोखात एक आरोळी आणि सगळीकडनं ड्रम न् पिकोलो बासऱ्या एकदम सुरू. वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर पेटलेले कंदील, मधे दोन पुरुष उंचीचा रंगवलेला मोठा कंदील, त्यावर वर्षभरातल्या राजकारण्यांची टिंगल. आजी एकेक चित्र समजावून सांगत होत्या, त्या नसत्या तर मला निम्मं कळलं नसतं. चाल संथ आहे, नाचायची नाही. महाद्वार रोडवर मिरवणुकीत रात्र काढलेल्या माणसाला आधी चुकल्यासारखं वाटतं, मग हळूहळू ते अंगात भिनतं. बघणाऱ्यांनी सोंग घ्यायचं नसतं, नुसता बिल्ला लावायचा. कागदाच्या टिकल्या उधळतात त्या एकाच रंगाच्या, मिसळलेला रंग म्हणजे रस्त्यावरनं गोळा केलेल्या, ते वाईट समजतात. नंतर भाजलेल्या पिठाचं तपकिरी सूप पितात, वर किसलेलं चीज. न खाणाऱ्यांनी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी बीफच्या पाण्यात करतात.

राजारामपुरीचा, सध्या आखेन

भावांनो, आमच्याकडं जर्मनीत कार्निव्हलच्या आधीचा गुरुवार बायकांचा. ११ वाजून ११ मिनिटांनी बायका टाऊन हॉलचा ताबा घेतात आणि दिसेल त्याचा टाय कात्रीनं कापतात. आमचे सर एरवी कधी टाय लावत नाहीत, त्या दिवशी जुना शोधून घालून आले, का तर ऑफिसमधल्या बाईंना कापायला मिळावा. मला हे लई आवडलं. रविवारी बसनं हॉलंडमधल्या मास्त्रिख्टला गेलो, तिथं चौकात एका भाजीवालीची मोठी बाहुली दोरानं वर चढवतात आणि मग सण उघडतो, सगळं गाव लाल-पिवळं-हिरवं.

उत्तरेश्वर पेठ, सध्या व्हाल्स

आखेनला लागूनच पण हॉलंडात, भाडं कमी म्हणून इथं घर घेतलं. पोरगी जर्मन बालवाडीत. त्यामुळं ५ डिसेंबरला संध्याकाळी डच सिंटरक्लासची (सांतासारखा, पोरांना भेटी देणारा संत) भेट आणि रात्री बूट बाहेर ठेवला की सकाळी जर्मन निकोलाउसचा खाऊ, तिची चंगळ. खटकतं ते सांगते, सिंटरक्लासचा साथीदार पीट तोंडाला काळं फासून येतो. आमच्या सावळ्या पोरीनं तो फोटो बघून बरेच प्रश्न विचारले. २०१९ पासून टीव्हीवरच्या मुख्य मिरवणुकीत फक्त काजळीचे फराटे ओढलेले पीट असतात आणि ते बरोबरच केलंय, परंपरा आहे म्हणून सगळं चालवून घ्यायचं नसतं.

गंगावेस, सध्या एल पासो

टेक्सासच्या टोकाला, पूल ओलांडला की मेक्सिकोचं हुआरेस. शेजारीणबाईंचं माहेर तिकडं. १ आणि २ नोव्हेंबरला त्यांच्याकडं मेलेल्या माणसांचा सण असतो, पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. ओट्यासारखी मांडणी करतात, फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, गोड पाव आणि झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्याकडं दसऱ्याच्या तोरणाचं फूल, त्यामुळं मला आधी कसंतरीच वाटलं. बाई म्हणाल्या, तुझे आजोबा मागच्या वर्षी गेले ना, फोटो घेऊन ये, आणि त्यांना काय आवडायचं ते करून आण. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. त्यांच्या आईच्या फोटोशेजारी आमचे फेटेवाले आजोबा ठेवले आणि मला रडू आवरेना, बाईंनी नुसता पाठीवरून हात फिरवला. रात्री आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, अगं पितृपंधरवडा झाला की, परत कशाला. मग जरा गप्प बसली आणि विचारलं, पाणी ठेवलंस काय?

आता भाद्रपदात त्या आमच्याकडं जेवायला येतात. कावळ्याला घास ठेवायचं त्यांना फार पटलं. इथं आमच्या अंगणात कावळा फिरकत नाही, ग्रॅकल म्हणून एक काळा पक्षी येतो, तो चालेल असं आईनं सांगितलंय.