प्रतिसाद: अदिस अबाबाचा बोले विमानतळ आणि उंचीची अडचण

वर प्रश्न आलाय की इथिओपियाच्या राजधानीतल्या बोले विमानतळाला साधारण 3,700-3,800 मीटरच्या दोन धावपट्ट्या आहेत, 2019 मध्ये टर्मिनल 2 वाढवून क्षमता वर्षाला सुमारे 2.2 कोटी प्रवाशांवर नेली, मग अदिस अबाबाजवळच्या बिशोफ्तू शहरापाशी नवा विमानतळ कशाला?

गर्दी हे कारण आहेच. बोलेच्या चहूबाजूंनी शहर आलंय. पण खरी मेख उंचीत आहे. बोले समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच. तिथे हवेची घनता सुमारे 20 टक्के कमी. त्यामुळे इंजिनाचा जोर घटतो आणि तेवढीच उचल मिळवायला जमिनीवरचा वेग दहा-बारा टक्के जास्त लागतो. म्हणजे धाव लांबते, टायरच्या वेगमर्यादेचाही प्रश्न येतो. दुपारी ऊन तापलं की आणखी वजन उतरवावं लागतं: माल तरी, नाहीतर इंधन.

म्हणूनच इथिओपियन एअरलाइन्सचं वॉशिंग्टनला जाणारं विमान वाटेत इंधनासाठी उतरत आलंय (कधी डब्लिन, कधी टोगो देशातलं लोमे), परतीला मात्र थेट येतं. मुंबईसारख्या जवळच्या मार्गाला इंधनच कमी लागतं, तिथे ही झळ फारशी बसत नाही.

बिशोफ्तू परिसर साधारण 400 मीटर खाली आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उड्डाणाच्या वजनात तो फरक काही टनांचा पडतो.