मल्टीक्लास केल्यावर बोनस कशावर मोजायचा? क्लासच्या लेव्हलवर की एकूण लेव्हलवर?

निळी_चेटकीण

नवीन कॅम्पेन कुठल्या एडिशनमध्ये खेळायचं यावरून आमच्या ग्रुपमध्ये वाद चाललाय, अर्धे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिका-खेळ) साडेतीनवर अडून बसलेत, अर्धे पाचवीवर, आणि फिरून फिरून गाडी मल्टीक्लासपाशीच (एकाच पात्राने दोन-तीन क्लास, म्हणजे पेशे, मिसळणं) येऊन थांबते. माझं मत सांगते. साडेतीनची बोनस मोजायची पद्धतच चुकीची आहे. प्रत्येक क्लासच्या तक्त्यातून आकडा उचलायचा आणि सरळ बेरीज मारायची, ऐकायला सोपं वाटतं, पण आता फायटर २, बार्बेरियन २, रेंजर २ असा सहाव्या लेव्हलचा गडी घ्या. तिन्ही क्लासचा फॉर्टिट्यूड सेव्ह (शरीरावरचा मारा झेलताना फाशात मिळवायचा बोनस) चांगला, आणि चांगला सेव्ह पहिल्या लेव्हललाच +२ देतो, दुसऱ्या लेव्हलला +३. म्हणजे याचा झाला +९! सरळ फायटर ६ केला असता तर +५ असता. आता विल सेव्ह (मनावरची जादू झुगारायचा) बघा, तो तिन्हीकडे कच्चा, आणि कच्च्या सेव्हला पहिला +१ तिसऱ्या लेव्हलला मिळतो, हा कुठल्याच क्लासमध्ये तिसरीपर्यंत गेलेला नाही, म्हणून शून्य. सरळ फायटरला +२ मिळाला असता. समोरच्या क्लेरिकचा विझडम १८ असेल तर त्याच्या होल्ड पर्सनचा (माणसाला जागीच थिजवणारा मंत्र) डीसी (गाठायचा आकडा) १६, आणि आपला गडी विझडम १० वाला असेल तर त्याला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा वर पाडावे लागणार. लढाईभर पुतळा होऊन उभा राहणार हा.

पाचवीत (२०१४ ची) हे सगळं एका फटक्यात निकालात काढलंय. प्रोफिशियन्सी बोनस (जे येतं ते करताना फाशात मिळवायचा आकडा) एकूण लेव्हलवर, चौथीपर्यंत +२, पाचवीला +३, असं करत सतराव्या लेव्हलला +६. कितीही क्लास मिसळा, पाया सगळ्यांचा सारखा. हेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

साडेतीनवाला

पाया सारखा हीच तर अडचण आहे. पाचवीत एक लेव्हल फायटर घ्या आणि पुढच्या १९ लेव्हल विझार्ड (जादूगार), तलवार त्यानंतर हातात धरू नका, तरी तिचा प्रोफिशियन्सी बोनस +६. आयुष्यभर तलवारच चालवलेल्या फायटर २० चाही +६. स्ट्रेंग्थचा फरक पडेल, एक्स्ट्रा अटॅकचा (एका टर्नला जादा वार) पडेल, मान्य, पण जो आकडा म्हणजे तुमचा सराव तो दोघांचा एकच कसा? साडेतीनमध्ये याच विझार्डचा बेस अटॅक (वार करताना फाशात मिळवायचा बोनस) +१० (फायटरचा १, विझार्डचे ९) आणि फायटरचा +२०. प्रत्येक लेव्हल कुठे घालवली ते शीटवर दिसतं. मला तेच हवंय.

आणि वाट्टेल तशी खिचडी करू नये म्हणून साडेतीनमध्ये एक्सपीचा (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) दंड आहे तो तुम्ही सांगितलाच नाहीत.

निळी_चेटकीण

दंडाबद्दल बोलायचंच तर नीट बोलू. क्लासच्या लेव्हलमध्ये एकपेक्षा जास्त फरक पडला तरच २० टक्के एक्सपी कापतात, आणि फेवर्ड क्लास (पात्राच्या वंशाला ठरवून दिलेला) त्यातून माफ. माझ्या उदाहरणातल्या गड्याच्या लेव्हल २-२-२, म्हणजे त्याला दंड शून्य. आणि रोग (म्हणजे चोर) ५ विझार्ड १ असा बुटका ड्वार्फ केला की त्याचे २० टक्के गेले, कारण ड्वार्फचा फेवर्ड क्लास फायटर, पण अगदी हेच कॉम्बिनेशन एल्फने केलं तर दंड नाही कारण एल्फचा फेवर्ड क्लास विझार्ड. यात खिचडी कुठे थांबली सांगा? ज्याला पुस्तक पाठ आहे तो सुटतो आणि नवीन माणूस हौसेने ड्वार्फ घेतो आणि मागे पडतो.

रात्रपाळीचा_डीएम

दोघांना एक सांगतो, पाचवीत मल्टीक्लासची किंमत बोनसमध्ये नाहीच, ती दुसरीकडे लपवलीय आणि मला डीएम (डाव चालवणारा) म्हणून त्याचा जास्त राग येतो. अॅबिलिटी स्कोअर (स्ट्रेंग्थ, विझडम वगैरेंचे आकडे) वाढवायची संधी क्लासच्या लेव्हलवर मिळते, एकूण लेव्हलवर नाही. माझ्या टेबलवर एकीने फायटर ३, रोग ३, विझार्ड २ केलं. आठवी लेव्हल झाली तरी एकही वाढ नाही, कारण कुठल्याच क्लासची चौथी आली नाही. तिच्या शेजारच्या फायटर ८ ला चौथी, सहावी, आठवी अशा तीन वाढी मिळाल्या, त्याने स्ट्रेंग्थ १६ ची २० केली आणि वर एक फीट (जादा खास कौशल्य) घेतला. प्रोफिशियन्सी दोघांची +३, अगदी तुमचा सारखा पाया, पण अटॅक हिचा +६ आणि त्याचा +८, शिवाय तो एका टर्नला दोनदा मारतो आणि ही एकदा. तीन महिन्यांनी ती म्हणाली मला खेळायला मजा येत नाहीये. साडेतीनमध्ये ही वाढ एकूण लेव्हलवर असते, दर चौथ्या लेव्हलला सगळ्यांना. म्हणजे तिथे जे चांगलं होतं नेमकं तेच यांनी उलटं केलं!

निळी_चेटकीण

हा मुद्दा मला पटतो पण निष्कर्ष नाही पटत. पाया सगळ्यांचा सारखा ठेवायचा आणि खास गोष्टींना किंमत लावायची, हे जाणूनबुजून केलंय. क्लासमध्ये खोल गेलास तर बक्षीस, पसरलास तर विविधता. चूक लपवण्यात आहे, ती डीएमने लेव्हल अपच्या वेळीच सांगावी.

जुना_भिडू

तुम्ही सगळे एक पायरी वर उभे राहून भांडताय. एडी अँड डीमध्ये (डी अँड डीची जुनी आवृत्ती) एल्फ फायटर/मॅजिक-यूजर दोन्ही क्लास एकदम चालवायचा, एक्सपी अर्धा अर्धा वाटला जायचा, पण अटॅक आणि सेव्ह दोन्हीतला जो चांगला तो वापरायचा. बेरीज नाही, सरासरी नाही. माणसांना हे करायची परवानगीच नव्हती, त्यांना ड्युअल क्लास, म्हणजे एक क्लास थांबवून दुसरा धरायचा. आणि आता पाथफाइंडर २ (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ, २०१९) बघा, तिथे तुम्ही तुमच्या क्लासमध्येच राहता, दुसरा क्लास हवा तर दुसऱ्या लेव्हलपासून फीट खर्चून डेडिकेशन (त्या क्लासचा प्रवेशाचा फीट) घ्यायचं, आणि त्या आर्केटाइपचे (म्हणजे त्याच दुसऱ्या क्लासचे) आणखी दोन फीट घेतल्याशिवाय तिसऱ्या क्लासकडे बघायचं नाही. बोनसचा हिशोब मूळ क्लासचा, तो ढळतच नाही. पाचवीसारखी एक लेव्हल हेक्सब्लेड (वॉरलॉक क्लासचा एक प्रकार) डिप मारून पॅलाडिनची तलवार करिष्म्यावर चालवायची असले प्रकार तिथे जमत नाहीत.

साडेतीनवाला

पाथफाइंडर २ मध्ये मल्टीक्लास हा मल्टीक्लास राहतच नाही, नुसता वास लागतो दुसऱ्या क्लासचा. आमच्या ग्रुपला अर्धा चोर अर्धा जादूगार खरंच अर्धा अर्धा हवाय.

निळी_चेटकीण, तुमच्या +९ वर उपाय आहे, साडेतीन न सोडता. अपूर्णांक ठेवायचे. २००४ च्या अनअर्थ्ड आर्केनामध्ये (साडेतीनच्या पर्यायी नियमांचं पुस्तक) अपूर्णांकी बोनस आहेतच, आणि पाथफाइंडर अनचेन्डने (२०१५) त्यात चांगल्या सेव्हचा सुरुवातीचा +२ एकदाच धरायचा असं स्पष्ट केलं. मग तुमच्या गड्याचा फॉर्टिट्यूड २ अधिक सहा लेव्हलचे ३, म्हणजे +५. विल सहाचा तिसरा भाग, +२.

निळी_चेटकीण

म्हणजे सरळ फायटर ६ जेवढा तेवढाच आकडा आला. हाच तर एकूण लेव्हलचा हिशोब झाला की! मी वरपासून तेच म्हणतेय.

साडेतीनवाला

तिन्ही क्लास एकाच जातीचे म्हणून तसं दिसतं. रोग ५ विझार्ड १ करून बघा. मूळ नियमाने बेस अटॅक ३ अधिक ०, म्हणजे +३. अपूर्णांकाने ३.७५ अधिक ०.५, खाली आणून +४. फायटर ६ चा +६. विझार्डच्या त्या लेव्हलचा अर्धा गुण वाया गेला नाही आणि फुकट पूर्ण गुणही मिळाला नाही. तुमच्या पाचवीत हे दोघे आणि तुमचा २-२-२ वाला, तिघेही +३ प्रोफिशियन्सीवर. मी रविवारी ग्रुपपुढे हाच नियम ठेवणार आहे, फेवर्ड क्लासचा दंड काढून टाकून, त्यावर मात्र तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय.

रात्रपाळीचा_डीएम

ठेव, पण विलचा आकडाही सांग त्यांना. रोग ५ विझार्ड १ चा विल मूळ नियमाने +३, तुझ्या नियमाने विझार्डचे २.५ आणि रोगचे १.६७ मिळून +४. +९ वाल्यांचं कमी होतंय तेवढंच दिसलं तर निम्मे लोक नाही म्हणतील.