कोंढव्याची वनजमीन परत घेतली, पण ती देणाऱ्यांचे काय?

पर्वतीकर (धागाकर्ता):

१५ मे २०२५ रोजी, म्हणजे भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने पुण्यातील कोंढवा बुद्रुक येथील २९ एकर १५ गुंठे राखीव वनजमिनीचे वाटप बेकायदा ठरवले. ही जमीन १८७९ सालापासून राखीव वन आहे. १९६८ मध्ये त्यातील जागा एका कुटुंबाला लागवडीसाठी एकसाली पट्ट्याने देण्यात आली, ऑगस्ट १९९८ मध्ये जमिनीचे त्याच कुटुंबाला कायमचे वाटप झाले, आणि वर्ष-सव्वा वर्षात ती विकण्याची परवानगीही मिळाली. शेतीसाठी मागितलेल्या जमिनीवर मग एका गृहनिर्माण संस्थेचा प्रकल्प आला आणि २००७ मध्ये त्याला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मधल्या काळात १९४४ चे एक राजपत्र पुढे करून ही जमीन वनातून वगळली गेल्याचा दावा झाला, आणि ते राजपत्रच बनावट निघाले.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय वनजमीन इतर कामासाठी देता येत नाही. कायदा होऊन अठरा वर्षे झाल्यावर हे वाटप झाले, म्हणजे अनवधानाने झाले असे म्हणण्यास जागा नाही. तत्कालीन महसूलमंत्री आणि तत्कालीन विभागीय आयुक्त यांनी सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व, म्हणजे शासन हे सार्वजनिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे हे तत्त्व, धाब्यावर बसवले, असे न्यायालयानेच नमूद केले आहे. महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमिनी खासगी व्यक्तींना किंवा संस्थांना दिल्या गेल्या आहेत काय, हे तपासण्यासाठी प्रत्येक राज्याने विशेष तपास पथके नेमावीत आणि सगळी प्रक्रिया एका वर्षात संपवावी, असाही आदेश आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की जमीन परत घेणे ही निम्मी कारवाई झाली. ज्याने घेतली त्याच्याकडून ती काढून घेतली जाते, पण ज्याने दिली त्याचे निवृत्तिवेतन सुरळीत चालू राहते आणि मंत्र्याचे राजकारणही अडत नाही. वाटपाच्या आदेशाखाली ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित होत नाही, तोवर अशा पथकांकडून फार आशा बाळगू नये.

निवृत्त अव्वल कारकून:

धागाकर्त्यांचा संताप समजू शकतो, पण निष्कर्ष मान्य नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४० नुसार सरकारी जमिनीची विल्हेवाट लावण्याचा अधिकार शासनाला आहे, आणि त्यासाठी १९७१ चे नियमही आहेत. शाळा, सहकारी गृहनिर्माण संस्था, माजी सैनिक, भूमिहीन अशा अनेकांना या तरतुदींखाली जमिनी मिळाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य सरळ मार्गाने मिळाल्या. आज केलेली सही पंचवीस वर्षांनी अंगाशी येणार असेल, तर कोणताही अधिकारी सही करणार नाही. तो फाईल वर तरी पाठवील किंवा त्रुटी काढून परत तरी करील, आणि भरडला जाईल तो खरा गरजू अर्जदार.

शिवाय जबाबदारी नेमकी कोणाची, हे बाहेरून दिसते तितके सोपे नसते. एका तालुक्याच्या कार्यालयात असताना माझ्याकडे वाटपाचे असेच एक प्रकरण आले होते. मी टिपणीत स्पष्ट लिहिले की ही जमीन गाव नमुना १-अ मध्ये, म्हणजे वनजमिनींच्या नोंदवहीत आहे, सबब वन विभागाचा अभिप्राय घ्यावा. चार दिवसांनी फाईल परत आली, तेव्हा समासात हिरव्या शाईने दोनच शब्द होते : ‘चर्चा करावी’. चर्चा झाली ती केवळ तोंडी. नंतर नव्या कागदावर नवी टिपणी टंकलिखित होऊन आली आणि तिच्यात नमुना १-अ चा उल्लेख नव्हता. मी सही केली. माझ्या त्या वेळच्या परिस्थितीत दुसऱ्या कोणी वेगळे केले असते असे मला वाटत नाही. आता आपल्या न्यायाने पहिला आरोपी मीच ठरतो!

नोंदवही:

कारकून महोदय, आपण प्रांजळपणे लिहिलेत याबद्दल आदर आहे, पण आपल्या अनुभवातून आपल्याच मुद्द्याच्या विरुद्ध निष्कर्ष निघतो. ‘चर्चा करावी’ असे लिहिणाऱ्याला आपल्याला उद्या जाब द्यावा लागू शकतो असे तसूभरही वाटले असते, तर त्याने ते दोन शब्द लिहिले नसते आणि आपली पहिली टिपणी फाईलमध्ये शाबूत राहिली असती. निर्णय चुकणे वेगळे आणि फाईलमधले पान बदलणे वेगळे. धागाकर्ते दुसऱ्या प्रकाराविषयी बोलत आहेत.

वर्ग दोनची सदनिका:

मला या चर्चेत वेगळीच भीती वाटते. कोंढव्याच्या जमिनीवर लोक राहायला आलेले नव्हते, म्हणून ती वन विभागाकडे सोपवण्याचा आदेश देणे तुलनेने सोपे होते. जिथे इमारत उभी आहे, लोक राहत आहेत, कर्जाचे हप्ते चालू आहेत, तिथे काय करणार? आमची संस्था भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारने अटींवर दिलेल्या आणि परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणाऱ्या जमिनीवर आहे. सदनिका घेताना मी मुद्रांक शुल्क भरले, दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला आणि बँकेनेही कर्ज दिले. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतात, विकणाऱ्याची मालकी तपासत नाहीत, हे मला खरेदीनंतर सहा वर्षांनी कळले, तेही शर्तभंगाची नोटीस हातात पडल्यावर. मूळ वाटप कोणत्या अटींवर झाले होते आणि त्या अटी कोणी मोडल्या, याची सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यातील एका ओळीपलीकडे आम्हांला कल्पना नव्हती. आपण ज्याला निम्मी कारवाई म्हणता, ती आमच्यासारख्यांच्या बाबतीत दीडपट ठरते.

माजलगावकर:

सदनिकाधारकांबद्दल सहानुभूती आहेच. पण नोटीस आल्यावर आपण वकील लावू शकता, आणि सरकार बहुधा अनर्जित उत्पन्नाची (जमिनीच्या वाढलेल्या किमतीची) काही टक्के रक्कम किंवा नजराणा, म्हणजे सरकारला भरायचे शुल्क, घेऊन प्रकरण नियमित करील. गायरानात राहणाऱ्याला ही सोय नसते.

थोडा इतिहास सांगतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना असाच आदेश दिला होता की गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना आखावी. खटला होता पंजाबातील एका गावतळ्याचा, आणि त्यातले अतिक्रमणदार धनदांडगे होते. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या जमिनींचा अपवादही निकालातच होता. आपल्या शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. पुढे २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर नोटिसांचा सपाटा सुरू झाला, तेव्हा त्या कोणाच्या दारावर चिकटल्या? आमच्याकडे तरी पत्र्याच्या घरांवर, ज्यांच्या आईबापांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगवास भोगला त्यांच्या दारांवर. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासनाचाच निर्णय होता, पण त्याची नोंद सातबाऱ्यावर घेण्याची तसदी अनेक ठिकाणी कोणी घेतली नाही. जमिनींविरुद्धची मोहीम वरून कितीही थोर हेतूने निघाली, तरी खाली येईपर्यंत ती सर्वांत दुबळ्या माणसाकडे वळते. म्हणून ‘कडक कारवाई’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कोणावर?

पर्वतीकर (धागाकर्ता):

माजलगावकरांचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता, तो राहिला. मात्र त्यातून कारवाईच नको असे निघत नाही. वाटप आणि अतिक्रमण यांत फरक आहे. गायरानातल्या माणसाकडे कागद नसतो म्हणून तो दोषी ठरतो, आणि कोंढव्यासारख्या प्रकरणात सगळे कागद असतात, तेही शिक्क्यासह. पथकांनी दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी.

सदनिकाधारकांना सांगावेसे वाटते की आपली भीती खरी आहे आणि याच निकालात तिचा विचार आहे. जमीन परत घेणे व्यापक सार्वजनिक हिताचे नसेल, तिथे तिची किंमत वसूल करून ती रक्कम वनविकासासाठी वापरावी, अशी मुभा न्यायालयाने ठेवली आहे. मला मात्र हीच मुभा धोक्याची वाटते, कारण तिचा अर्थ ‘लवकर बांधा आणि मग पैसे भरा’ असा लावला जाईल. मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या घोटाळ्याचे उदाहरण पाहा. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि कुलाब्यातला तो ३१ मजल्यांचा सांगाडा त्यानंतरही उभाच राहिला.

नोंदवही:

आदर्शबाबत एक दुरुस्ती सुचवतो, कारण चर्चेत हे उदाहरण हटकून येते आणि हटकून चुकीच्या अर्थाने येते. ती जमीन कारगिलच्या वीरपत्नींसाठी राखीव होती असा समज आजही आहे, पण चौकशी आयोगाने जमीन राज्य शासनाची होती आणि असे आरक्षण नव्हते असे सांगितले. दोष निघाला तो सवलती देण्यात आणि सभासदांच्या पात्रतेत. आयोगाने २५ सभासद अपात्र ठरवले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने तो अहवालच नाकारला. टीका झाल्यावर त्यातला काही भाग स्वीकारला. चौकशी पूर्ण झाली, निष्कर्षही आले, आणि ते स्वीकारायचे की नाही हे ठरवणारे ज्यांची चौकशी झाली त्यांच्याच पंक्तीतले होते. विशेष तपास पथकांचे अहवाल कोणाच्या टेबलावर जाणार, हे म्हणूनच आधी विचारायला हवे.

निवृत्त अव्वल कारकून:

टेबलावर जातील तेव्हा जातील. पथकाचे पहिले पत्र तलाठ्यालाच येईल : ‘आपल्या सजातील (कार्यक्षेत्रातील) वनजमिनींच्या वाटपाची माहिती विहित नमुन्यात तीन दिवसांत सादर करावी’. तलाठी नमुना १-अ उघडून आहे ते उतरवून देईल. माझ्या त्या प्रकरणातली जमीन त्या नोंदवहीत आता नाही, फेरफार मंजूर होऊन ती केव्हाच कमी झाली आहे. माझी पहिली टिपणी कुठे आहे, ते मला माहीत नाही. पण कोणी विचारायला आले, तर तिच्यात काय लिहिले होते ते मी सांगेन.