जुन्या गाडीचा मेन स्टँड काढून टाकावा का?

सैल_चेन:
नमस्कार मंडळी. घरी जुनी 100 सीसी फोर स्ट्रोक आहे, कार्ब्युरेटरवाली, किकवर चालू होणारी, मागे दोन शॉकअप. रोज वापरतो, शोभेची नाहीये. हल्ली ती मेन स्टँडला लावायची म्हणजे शिक्षा झालीये, सगळा जोर लावला तरी एका दमात चढत नाही, आणि डबलसीट असलो की प्रत्येक स्पीडब्रेकरला स्टँड खर्रकन घासतो, मागचा माणूस दचकतो. मेकॅनिक म्हणतो काढूनच टाका, नव्या गाड्यांना कुठे असतो, साइड स्टँडवर भागतं. पण साइड स्टँडचं वेगळंच नाटक, गाडी पूर्वीसारखी कलत नाही, जवळजवळ सरळच उभी राहते, कुणाचा धक्का लागला तर पलीकडे आडवी होईल. वर रात्रभर साइड स्टँडवर ठेवली की सकाळी खाली पेट्रोलचा डाग आणि वास. घरचे म्हणतात तिरकी लावतोस म्हणून सांडतं. काढू का मेन स्टँड? आणि पेट्रोल खरंच स्टँडमुळे गळतं का?

ग्रीसचे_हात:
थांबा, घाई करू नका. तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात आणि तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतायत, मागच्या शॉकअपकडे. स्प्रिंगा बसल्या की गाडीची मागची बाजू खाली येते. मग मेन स्टँडवर चढवताना गाडी जास्त उचलावी लागते म्हणून जड जातं, डबलसीटला अजून खाली जाते म्हणून स्टँड घासतो, आणि साइड स्टँडची लांबी तेवढीच राहिली पण गाडी बसली म्हणून ती कमी कलते. स्टँड बिचारा तिथंच आहे, गाडी खाली आलीये.

काही खर्च करायच्या आधी मागच्या टायरची हवा बघा, कमी हवेनंही जवळपास हेच होतं. मग शॉकअपच्या खालच्या अंगाला खाचांची रिंग असेल, ती दोन्हीकडे सारखीच एक-दोन खाचा वर घ्या, एकीकडे दुसरी आणि दुसरीकडे चौथी असं करू नका. दांड्यावर तेल दिसतंय का तेही बघा, आणि सीट जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक, झोके घेत बसली तर आतलं डॅम्पिंग गेलंय, मग खाचा फिरवून काही होत नाही.

आता स्टँड. गाडीच्या बाजूला वाकून दोन्ही पाय हातानं डावी-उजवीकडे हलवा. स्टँड ज्यावर फिरतो ती पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजले असतील तर चांगलंच खडखडतं, आणि असा सैल स्टँड दुमडल्यावरही खाली लोंबतो. स्टँड वर येऊन जिथे टेकतो तिथे एक रबराचा ठोकळा असतो, जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा गायबच असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तो नसला की स्टँड लोखंडावर आपटतो, स्प्रिंग सैल झाली असेल तर घासतोही. पिन काढा, गंज पॉलिश पेपरनं साफ करा, ग्रीस भरा. ग्रीस न लावता कोरडा फिरवलेला स्टँडच जास्त जड जातो.

चढवायची पद्धतही सांगतो, कारण निम्मे लोक हातानं गाडी उचलायला बघतात आणि कंबर धरून बसतात. डाव्या बाजूला उभं राहायचं, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कॅरियरच्या पाइपला. उजव्या पायानं स्टँड खाली दाबायचा आणि आधी दोन्ही पाय जमिनीला टेकू द्यायचे, गाडी किंचित डावी-उजवी केली की ते कळतं. मग अख्खं अंगाचं वजन त्या पायावर, हातानं फक्त मागे दिशा द्यायची. तरी जमलं नाही तर मागच्या चाकाखाली पातळ फळी घाला, लोण्यासारखी चढते.

पेट्रोलनाक:
पेट्रोलचं मी सांगतो. कार्ब्युरेटरच्या आत फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, वर आला की नीडल, म्हणजे छोटी सुई, पेट्रोल यायचं भोक बंद करते, मग गाडी तिरकी असो की सरळ, पेट्रोल थांबायलाच पाहिजे. साइड स्टँडवर आतली पातळी थोडी तिरकी होते म्हणून अर्धवट झिजलेली नीडल तिथे हार मानते एवढंच. म्हणजे स्टँडनं आजार दाखवला, दिला नाही. नीडलचं टोक बघा, गोल रेघ पडलेली असेल तर बदला, आणि जिथे बसते ती जागा साफ करा, टाकीतल्या गंजाचा बारीक चुरा तिथेच अडकतो. रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय तर लावाच.

खाली डाग पडतोय हे खरं तर बरं आहे, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी मोकळी आहे. ती चोंदली तर पेट्रोल इंजिनात उतरतं, पिस्टनच्या रिंगांवरून खाली जाऊन ऑइलमध्ये मिसळतं. सकाळी ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका. ऑइल बदला, नीडल बघा, मगच गाडी चालू करा, पातळ झालेलं ऑइल इंजिनाची वाट लावतं.

हलकी_गाडी:
इथे सगळे मेन स्टँडचे भक्तच दिसतायत 😀 मी काढून टाकलाय आणि छान चाललंय. वजन कमी झालं, वळणावर घासायचं थांबलं, घरी पॅडॉक स्टँड आहे, मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, चेनचं काम त्याच्यावर करतो. कंपन्यांनी उगाच काढला का, खालून जाणारा सायलेन्सर, मागे मधोमध एकच शॉकअप म्हणजे मोनोशॉक, जागाच राहिली नाही.

ग्रीसचे_हात:
तुमच्या गाडीला ट्यूबलेस टायर असणार, म्हणून छान चाललंय. यांच्या जुन्या गाडीत ट्यूब आहे, रस्त्यात मागचं चाक पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं, तेव्हा पॅडॉक स्टँड घरी बसलेला असतो. घरच्या कामाला पॅडॉक उत्तम, त्यात वादच नाही.

किक_मास्तर:
आणि किकवाल्यांनो, साइड स्टँडवर गाडी टाकून, वर उभं राहून किक मारू नका हो. सगळं वजन त्या एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर येतं. आधी ब्रॅकेट वाकतं, मग फ्रेमच्या वेल्डिंगला चीर जाते. स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून तासभर गप्पा मारणारेही त्यातलेच.

सैल_चेन:
सगळ्यांचे आभार. हवा कमी होतीच, भरली. रिंग दोन्हीकडे सगळ्यात खालच्या खाचेत होती, वर घेतल्यावर साइड स्टँडवर गाडी नीट कलायला लागली, मेन स्टँडही बराच हलका झाला. रबराचा ठोकळा खरंच नाहीये. कॉक बंद ठेवला तर डाग पडत नाही, उघडा ठेवला तर मेन स्टँडवरही पडतो, म्हणजे नीडलच. आता आणखी एक, ऑइल आणि चेन कुठल्या स्टँडवर बघायची? मी आजवर ऑइल साइड स्टँडवरच बघत आलोय, नेहमी कमीच दाखवतं.

पेट्रोलनाक:
कमी दाखवणारच, तुमची ऑइलची काडी उजव्या बाजूला असणार आणि गाडी डावीकडे कलते, तेल पलीकडे जातं. लोक तेवढ्यावर वरून ओततात आणि मग ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल बाहेर आलं की इंजिन गेलं म्हणून ओरडतात. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर, इंजिन थोडं चालवून बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग बघायचं. काडी आट्यात फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं, पुस्तकात बघा.

तेल कलतीकडे जातं हे बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनवाल्यांना विचारा. 1923 च्या आर 32 पासून त्यांचे सिलिंडर दोन बाजूंना आडवे असतात, साइड स्टँडवर बराच वेळ ठेवली की डाव्या सिलिंडरमध्ये तेल झिरपतं आणि चालू करताच धुराचा लोट निघतो. जुन्या बॉक्सरचे मालक त्याकडे बघतसुद्धा नाहीत.

ग्रीसचे_हात:
चेन मेन स्टँडवर. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू करून गिअर टाकून फडकं धरणारे आहेत, बोटं जातात त्यात, तसलं काही करू नका. चाक फिरवत जा आणि चेन सगळ्यात जास्त कुठे ताणली जाते ते शोधा, सैलपणा तिथे मोजायचा. लहान गाड्यांत खालच्या बाजूला मधोमध साधारण 20 ते 30 मिमीचा खेळ लागतो, पण नक्की आकडा आणि कुठल्या स्टँडवर मोजायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं, कारण चाक अधांतरी असलं की चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, खाली लोंबतो आणि माप बदलतं. एका जागी टाइट आणि दुसरीकडे लोळतेय असं असेल तर चेन संपली, कितीही ताणली तरी उपयोग नाही.

गाडी स्टँडवर आहेच तर मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचलून घ्या आणि हँडल अगदी हळू डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध येताना खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मागचं चाक उचललेलं असताना चिमटा आडवा हलवून त्याचे बुशही कळतात.

सैल_चेन:
करतो. पिनचा बुश आणि स्टँडची स्प्रिंग दोन्ही आणलंय, पण स्प्रिंग हुकात बसतच नाही, पकडीनं ओढतोय तर सटकते.

किक_मास्तर:
पकड ठेवा बाजूला, तोंडावर येईल. स्प्रिंग बाहेर हातात धरून एका बाजूला वाकवा, जिथे वेढे उघडतात तिथे वॉशर सरकवा, मग दुसरीकडे वाकवून तिथेही सरकवा. असे भरत गेलात की स्प्रिंग आपोआप लांब होते, आरामात हुकात बसते. नंतर स्टँड खाली दाबला की वेढे अजून उघडतात आणि वॉशर गळून पडतात. डोळ्यांवर चष्मा असू द्या. ठोकळ्याच्या जागी लोखंडी पट्टी वेल्डिंग करायचं डोक्यात असेल तर स्टँड खोलून बाहेर न्या, गाडीवरच करणार असाल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि तो गळका कार्ब्युरेटर नीट करून घ्या.